इलुप्पैवरची बाळंतीण

नाणलकुडीच्या एरीवर थंडीच्या सकाळी धुकं उतरलं की पाणी कुठं संपलं आणि आभाळ कुठं लागलं, हे चंद्रमतीला सांगता येत नाही. सांगायची तिला घाईही नसते. एरी म्हणजे तिकडचं मोठं तळं, कालव्यानं भरणारं आणि भातशेतांना पाणी पुरवणारं. तिच्या बांधावर एका चिंचेच्या मुळावर ती बसते, पदर कानांमागं खोचते आणि डोळे मिटते. लोक पक्षी बघायला जातात, ही आधी ऐकायला जाते. धुक्यातून एकेक आवाज सुटा होऊन येतो. शेकाट्यांची बारीक कुरकुर, कमळाच्या पानांआडून जांभळ्या पाणकोंबडीचं खेकसणं, आणि मग दूर, पाण्याच्या ऐन मधोमध, बदकांचा तो पुटपुटाट. तो ऐकता ऐकता कधी कधी तिला डुलकी लागते. जाग येते तेव्हा धुकं वर गेलेलं असतं आणि आवाजांना पंख फुटलेले असतात.

अशा वेळी गप्पा मारायला कुणी आलं की तिचा चेहरा पडतो. तो पडलेला लपवायची कला तिला साठी उलटली तरी जमलेली नाही.

तंजावरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिनं सगळी नोकरी काढली. कानाला यंत्र लावायचं, पुढ्यातल्या भोकांत दोऱ्या खुपसायच्या आणि लांबच्या माणसांना एकमेकांशी जोडून द्यायचं. सिंगापूर, पेनांग, मद्रास, मुंबई. माणूस दिसायचा नाही, नुसता आवाज. कुणाकडे लग्न ठरलंय आणि कुणाकडे माणूस गेलंय, हे तिला नाव विचारायच्या आत कळायचं. पुढं लोक आपले आपण नंबर फिरवू लागले, तेव्हा तिला बिलांच्या खिडकीवर बसवलं. तिथं चेहरे होते, पण चेहरे तिला मानवले नाहीत. लग्न राहून गेलं. का राहिलं याच्या तीन-चार कहाण्या तिच्या गल्लीत, मेलवीधीत आहेत, आणि कुणी सांगायला लागलं तर ती चारही नीट ऐकून घेते.

निवृत्तीनंतर एका रामनवमीला थोरला भाऊ अनिरुद्धराव तिला नाणलकुडीला घेऊन आला. पापनाशमच्या बसनं निघायचं, मधल्या फाट्यावर उतरायचं, आणि नारळीच्या बागांतून चालत एरीच्या बांधावर यायचं. तिथं वेणुगोपाळाचं एक लहानसं देऊळ आहे. मराठी राजांच्या काळात इकडं आलेल्या, चंद्रमतीच्या घराण्यासारख्या काही घराण्यांनी ते बांधलं आणि अजून तीच सांभाळतात. आत पूजा रंगली होती. गर्दीनं गुदमरून चंद्रमती बाहेर आली, बांधावर बसली, आणि नोकरी सुटल्यापासून रिकामे पडलेले तिचे कान एकदम भरून गेले. इतके लांबचे आवाज! त्यातले काही उत्तरेकडून, बर्फाच्या मुलखातून येतात हे तिला नंतर कळलं, पण लांबचे आहेत हे तेव्हाच कळलं. तिचा तो धंदाच होता.

तेव्हापासून ती थंडीत आठवड्यातून दोन-तीनदा येते. चेन्नईला असणाऱ्या भाचीनं, शांभवीनं, तिला एक दुर्बीण दिली. पक्ष्यांची तमिळ नावं तिला कोळ्यांनी शिकवली, इंग्रजी नावं पुस्तकानं. मराठी नावं मात्र तिला कुणी सांगितली नाहीत. तिची मराठी तोंडची. देवनागरी तिला वाचता येत नाही, आणि महाराष्ट्र तिनं एकदाच पाहिला, तोही बसच्या खिडकीतून. मग तिनं नावं आपली आपण पाडली. टोकदार शेपटीचं बदक ते शेपटीराव. चिखलात लांब चोच खुपसत फिरणारे ते सुईवाले. गोगलगायी फोडून खाणारा, चोचीत फट असलेला करकोचा तो फटतोंड्या. महाराष्ट्रातल्या पक्षीवाल्यांना ही नावं ऐकून हसू येईल. येऊ दे, ती कुठं त्यांना विचारायला गेली होती!

पण सगळ्यांत जीव तिचा अडकला होता तो गरुडात. गरुड म्हणजे ब्राह्मणी घार: विटकरी पंख, पांढरंशुभ्र डोकं. देवळामागच्या जुन्या मोहाच्या झाडावर, त्याला तिकडं इलुप्पै म्हणतात, एक जोडी राहत होती. एरीवरून मासे उचलायची, इलुप्पैवर बसून खायची, आणि मांजराच्या पिलासारखं लांबवून ओरडायची. दोन हिवाळे या जोडीचं घर मोडलं. एकदा वादळात फांदीच खाली आली. गेल्या खेपेला कावळ्यांनी अंडी फोडली. त्या दिवशी चंद्रमती घरी येऊन जेवली नाही. वैनींनी विचारलं, तर डोकं दुखतंय म्हणाली.

यंदा मात्र पौषात घरट्याच्या काठावर कापसाच्या बोंडाएवढं एक डोकं हललं. चंद्रमती बांधावर बसून एकटीच हसली. बसमध्येही तिचं हसू ओठांवरून हलेना. शेजारच्या बाईनं विचारलंच, कुणाकडे काय झालं? "मुलगा कीं मुलगी, अजून कळत नाहीं," ती म्हणाली.

त्याच वर्षी देवळाचा कुंभाभिषेक ठरला होता. देवळाची डागडुजी, रंगरंगोटी पुरी झाली की गाभाऱ्यावरच्या शिखराला, तिकडं त्याला विमान म्हणतात, मंत्रांनी भारलेल्या पाण्याचा अभिषेक करायचा. हे बारा वर्षांतून एकदा. पण त्या घटकेला आभाळात गरुडानं घिरटी घातली पाहिजे. विष्णूचं वाहन येऊन बघून गेलं की काम देवाला पोचलं. गरुड नाही आला तर त्या दिवशी कुणी काही बोलत नाही, पण पुढं बारा वर्षं बोलत राहतात.

अनिरुद्धराव देवळाचे विश्वस्त. सरकारी कचेरीत जन्म गेलेला माणूस, पण या कामापायी दोन वर्षं शिल्पी, रंगारी आणि सुतारांच्या पाठी फिरून पायांचे तुकडे करून घेतले होते त्यांनी. एका संध्याकाळी घरच्या झोपाळ्यावर कॉफी पिता पिता ते बहिणीला म्हणाले, "सगळं झालं, चंद्रा. होमाची यागशाळा झाली, पूजेचे भट्टर झाले, वाजवायला मेळम झालं. एक गोष्ट माझ्या हातीं नाहीं. गरुडन."

"यायला त्याला काय होतं, अण्णा? तुमच्या देवळामागच्या इलुप्पैवर संसार मांडून बसलाय कीं. पिलूंही आहे."

झोपाळा थांबला. "आपल्या इलुप्पैवर? खरंच सांगत्येस?"

उभ्या आयुष्यात अण्णानं तिला पक्ष्यांबद्दल काही विचारलं नव्हतं. त्याचे डोळे असे चमकलेले बघून ती हुरळली आणि सांगत सुटली. घरटं कुठल्या फांदीवर, मासे कोण आणतो, पिलाला कोण भरवतं, सगळं. अण्णा ऐकत राहिला. कॉफी निवून गेली. चंद्रमतीला त्या रात्री फार छान झोप लागली.

पुढं आठवडाभर ती खोकल्यानं घरीच होती. यागशाळा सुरू होण्याच्या सकाळी ती नाणलकुडीच्या फाट्यावर उतरली आणि थबकली. एरी ऐकूच येत नव्हती. नारळीच्या बागांवरून नुसता कर्ण्यांचा आवाज येत होता: सनईसारखा नादस्वर, ढोलासारखा तवील, मंत्र, मध्येच "हॅलो, मैक टेस्टिंग". चालता चालता ती धावायलाच लागली.

इलुप्पैला तांबडं-पांढरं पट्ट्यांचं वस्त्र नेसवलं होतं. बुंध्याला हळद-कुंकू, झेंडूच्या माळा, फांद्याफांद्यांतून विजेच्या दिव्यांचे सर. आणि घरट्याच्या खाली, दोन पुरुष उंचीवर, चार कर्णे. चारही तोंडं आभाळाकडे.

माइकवाला सतीशकुमार खुशीत पुढं आला. "पाहिलंत का अक्का? ट्रस्टी सारांनी सांगितलं, मंत्र पहिल्यांदा गरुडनच्या कानी पडले पाहिजेत. म्हणून वर तोंड करून बांधले."

चंद्रमतीला राग कुणावर काढावा हेच कळेना. दुष्टपणानं केलं असतं तर भांडता आलं असतं. हे तर सगळं भक्तीनं केलेलं. आणि झाडाचा पत्ता दिला कुणी? तिनंच.

तिनं दुर्बीण लावली. पिलू घरट्यात चपटं होऊन पडलं होतं. दिव्यांच्या सरावर दोन कावळे बसले होते, अगदी निवांत, पंगतीची वाट बघत बसावं तसे. आणि मादी दूर एरीवर फिरत होती. ती झाडाकडे यायची, कर्ण्यांच्या आवाजाची भिंत लागल्यासारखी वळायची आणि परत पाण्यावर जायची. तिची चोच उघडत होती, मिटत होती. ओरडत होती ती. आयुष्यात पहिल्यांदाच चंद्रमतीला समोरचा आवाज ऐकू येत नव्हता.

ती अण्णाकडे गेली. सोवळं नेसून, भरद्वाज भट्टरांच्या शेजारी तो होमाच्या कुंडाशी बसला होता. "अण्णा, तें बंद करायला सांगा. मादी पिलाकडे येईना झालीय."

"यागशाळा चालूं असतां मंत्र बंद करूं? एवढी माणसं आलींत. गरुडाला मंत्र नकोत म्हणून सांगूं त्यांना?"

"मंत्र नकोत असं नाहीं, अण्णा. मोठ्यानें नकोत."

"तूं आपली दुर्बीण घेऊन बैस जा," अण्णा म्हणाला, आणि ते चार लोकांत म्हणाला.

ती चिंचेखाली येऊन बसली. कान झाकले तरी आवाज जमिनीतून वर येत होता. एरीवरची बदकं पार पलीकडच्या काठाला सरकली होती, धुक्यात विरघळल्यासारखी. वाटलं, हे सगळं स्वप्नात चाललंय. आता जाग येईल आणि झाड उघडं असेल. पण जाग काही येईना.

आल्या त्या वैनी. गंगाबाई, अनिरुद्धरावांची बायको. सकाळपासून भोपळे चिरून त्यांचे हात पिवळे झाले होते. त्यांनी कॉफीचा पेला नणंदेपुढं ठेवला. "डोकं दुखतंय म्हणूं नको. काय झालं तें सांग."

चंद्रमतीनं दुर्बीण त्यांच्या हातात दिली. वैनींना आधी नुसती पानं दिसली. मग दिवे दिसले. मग चोच वासून हलणारं ते पांढरं डोकं त्यांनी कितीतरी वेळ पाहिलं.

"अय्यो. उपाशी आहे कीं गं तें. आई कुठें याची?"

"ती पाहा, पाण्यावर. यायला भितेय."

वैनींनी दुर्बीण खाली केली. "शांभवी तान्ही होती तेव्हां शेजारीं लग्न होतं. मेळम वाजलं कीं लेकरूं दूध ओकायचं. तीन दिवस मी भिंतीकडे तोंड करून रडलें. कुणाला सांगणार? शुभकार्य!" एवढं बोलून त्यांनी पदर कंबरेला खोचला आणि थेट माइकवाल्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. तमिळमध्ये त्यांचा आवाज आणखी चढतो.

"बाळंतिणीच्या उशाशी चार कर्णे लावलेस होय रे? तुझ्या बायकोच्या उशाशी लावले असतेस?"

"अम्मा, ट्रस्टी सारांनीच..."

"ट्रस्टी सारांना दोन वेळा जेवायला मी वाढते. काढ ते."

सतीशकुमारनं शिडीवर पाय ठेवला तशी चंद्रमती धावली. "चढू नको! झाड हलवू नको. नुसती वायर काढ."

वायर निघाली आणि आवाज गेला. देवळाच्या आतून मंत्रांची गुणगुण तेवढी येत राहिली, समईच्या उजेडाइतकी मऊ. भोपळे, सुऱ्या टाकून बायका एकेक करून तिथं आल्या आणि चिंचेखाली टेकल्या. ऊन तापत गेलं. एरीवरून वारा आला, कमळाची पानं उलटी होऊन पांढरी दिसली आणि पुन्हा हिरवी झाली. पलीकडच्या काठाचे शेपटीराव एकेक करत मधल्या पाण्यात परतले. एक म्हातारी बसल्या बसल्या पेंगू लागली. चंद्रमतीला वेळाचं भान राहिलं नव्हतं. कधी तरी नर घरट्यात मासा टाकून गेला. आणि मग मादी खाली आली, कावळ्यांवर एकदा झेपावली, आणि घरट्यात उतरून, मासा फाडून पिलाला भरवून, पंख अर्धवट पसरून बसली. पिलू त्या सावलीखाली गेलं.

"जेवलं गं बाई," वैनी म्हणाल्या आणि भोपळे चिरायला निघून गेल्या.

अण्णाला हे कळलं. कर्णे रस्त्याच्या बाजूला, गावाकडे तोंड करून नवे बांधले गेले. पण घरी त्यानं चंद्रमतीशी अबोला धरला. वैनींशीही धरला होता, मात्र वैनींच्या ते लक्षातही आलं नाही. चंद्रमतीला लागलं. हा भाऊ तिला लहानपणी खांद्यावर बसवून कावेरीवर न्यायचा. त्याचं काम तिच्यापायी उणं पडू नये, असं तिला मनापासून वाटत होतं.

कुंभाभिषेकाच्या सकाळी बांध माणसांनी फुलला. सायकली, मोपेड, बसमधून उतरलेली कुटुंबं, खांद्यावर पोरं. चंद्रमती इलुप्पैच्या खाली उभी होती, पिपाण्या वाजवणाऱ्या मुलांना परतवत. वर विमानाला लाकडी परांची बांधली होती. भट्टर डोक्यावर कुंभ घेऊन चढले. मागोमाग अनिरुद्धराव, कठड्याला धरत. तवील जोरात वाजून एकदम थांबला. भट्टरांनी कुंभ हातात घेतला आणि वर पाहिलं. सगळ्या गावानं वर पाहिलं.

आभाळ निळं आणि रिकामं होतं. फटतोंड्यांचा एक थवा फार उंचावरून गोल फिरत गेला. एक साधी काळी घार आली तेव्हा कुणीतरी "गरुडा!" म्हणून ओरडलं. भट्टरांनी मान हलवली. नर पहाटेच मासे धरायला गेला होता, तो कुठं दिसेना. आणि मादी घरट्यात होती. ऊन चढलं होतं, पिलाच्या अंगावर अजून नुसती लव होती, आणि ते दोन कावळे वरच्या फांदीवर हजर होते.

मुहूर्त सरत चालला. गर्दीत कुजबुज सुरू झाली. एक जण तमिळमध्ये म्हणाला, "झाडाला एक दगड मारा, उडेल की." वरून अण्णानं बहिणीकडे पाहिलं. तीन दिवसांत पहिल्यांदा. त्यानं दोन्ही हात जवळ आणले आणि टाळीची खूण केली. एकच. एकच टाळी वाजव, चंद्रा.

तेवढंच तर होतं. एक टाळी, मादी उठली असती, देवळावर एक घिरटी घातली असती, आणि अण्णाची दोन वर्षं सोन्याची झाली असती. माणसं आनंदानं रडली असती. उडालेली मादी लगेच परतलीही असती, कदाचित. कावळे तेवढ्यात उतरलेही नसते, कदाचित. चंद्रमतीचे हात छातीशी आले. अण्णाचा तो घामेजलेला, म्हातारा चेहरा तिला बघवेना. त्याला नाही म्हणणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

तिनं हात खाली सोडले आणि मान हलवली. नाही.

अण्णा तिच्याकडे बघत राहिला. मग रागानं की हताशपणे कोण जाणे, त्यानं मान वळवून इलुप्पैकडे पाहिलं. आणि तसाच राहिला. परांचीवरून घरटं त्याच्या बरोबर डोळ्यांसमोर येत होतं. खाली उभ्या असलेल्या चंद्रमतीनं दुर्बिणीतून जे हिवाळाभर तुकड्यातुकड्यांनी पाहिलं, ते त्याला तिथून सगळं एकदम दिसत होतं: अर्धे पसरलेले विटकरी पंख, त्यांच्या सावलीत बाहेर आलेली लहानशी चोच, आणि पांढरं डोकं वळवून त्याच्याकडेच बघणारी ती. तो किती वेळ बघत होता देव जाणे. भट्टर हळूच काही म्हणाले, ते त्यानं ऐकलं नाही.

मग तो बोलला. भट्टरांच्या गळ्यातल्या माइकनं ते उचललं आणि रस्त्यावरच्या कर्ण्यांनी गावभर नेलं. तो तमिळ विसरला होता.

"गरुडन आलाय. तो घरीं आहे. लेकरापाशीं बसलाय. त्याला उठवूं नका. ओता, स्वामी, ओता."

त्या सगळ्या गर्दीत मराठी कळणारी माणसं होती मूठभर. बाकीचे एकमेकांची तोंडं बघत राहिले. तेवढा क्षण ते शब्द जणू चंद्रमतीचेच होते. मादीला 'तो' म्हटलं अण्णानं, पण ते तिनं माफ केलं. मग जन्मभर या घराण्यांच्या देवळात पूजा करून मराठी उमगू लागलेल्या भरद्वाज भट्टरांनी तेच तमिळमध्ये सांगितलं, अगदी हळू. माणसं आभाळ सोडून इलुप्पैकडे वळली. हात जोडले गेले, पण कुणी ओरडलं नाही. लेकरांच्या तोंडांवर आयांनी हात ठेवले.

भट्टरांनी कुंभ कलता केला. पाणी कळसावरून, नव्या रंगांवरून ओघळत खाली आलं आणि त्याचे थेंब वाऱ्यानं इलुप्पैपर्यंत उडाले. मादीनं पिसं फुलवली, झटकली आणि आणखी खाली दबून बसली.

चंद्रमतीला रडू फुटलं. चांगलं हुंदके देऊन रडू फुटलं, लाज न वाटता. वैनी शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तिच्या हातातली दुर्बीण काढून घेतली, कारण ती ओली होत होती.